पार्ट बदलणे म्हणजे निदान नव्हे

डेटा सेंटरमध्ये एखादा सर्व्हर अचानक बंद पडला की बहुतेक ठिकाणी ठरलेला क्रम चालतो. लॉग उघडायचा, त्यात ज्या भागाचे नाव दिसेल तो काढायचा, नवा बसवायचा, मशीन सुरू करायचे आणि तक्रार बंद करायची. काही आठवड्यांनी तेच मशीन पुन्हा पडले तर आणखी एक भाग बदलायचा, आणि काहीच सुचेनासे झाले की मदरबोर्ड. या सगळ्यामागे एक समजूत आहे की आपले काय बिघडले ते मशीनला ठाऊक असते आणि ते लॉगमध्ये लिहून ठेवते. ही समजूत उथळ आहे. आज बँकेच्या व्यवहारांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सगळे ज्या मशीनवर चालते, त्यांच्या बाबतीत ती घातकही आहे.

माझे म्हणणे असे आहे. मशीन थांबवणाऱ्या फेटल हार्डवेअर एररनंतर पुढे येणारे नाव हे चूक पकडणाऱ्या भागाचे असते. चूक करणारा भाग तोच असेल याची खात्री नसते. पकडणाऱ्यापासून करणाऱ्यापर्यंत पोचण्याचे काम सर्व्हरच्या फर्मवेअरचे आहे. इतर कोणाकडे त्यासाठी लागणारी माहिती आणि वेळ दोन्ही नसतात. आणि हे काम अपघात झाल्यावर हाती घेता येत नाही, त्याची तयारी मशीनच्या आखणीतच व्हावी लागते.

१. थांबणे हा मशीनने घेतलेला निर्णय आहे

सर्व्हर ‘मेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो निमूटपणे बंद पडला असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याने विचारपूर्वक थांबायचे ठरवलेले असते. इंटेलच्या १९९५ च्या पेंटियम प्रोपासून एक्स-८६ प्रोसेसरमध्ये मशीन चेकची सविस्तर रचना आहे. प्रोसेसरच्या निरनिराळ्या विभागांसाठी रजिस्टरांच्या ‘बँका’ असतात, आणि चूक सापडली की त्या त्या विभागाच्या बँकेत नोंद होते. त्या नोंदीत एक बिट अशी आहे की ती १ झाली तर अर्थ होतो: प्रोसेसरची चालू स्थितीच विश्वासार्ह राहिलेली नाही, इथून पुढे चालणे धोक्याचे आहे. मग ऑपरेटिंग सिस्टिम काम थांबवते. पुढे गेले असते तर बिघडलेला आकडा डिस्कवर लिहिला गेला असता, तिथून बॅकअपमध्ये आणि दुसऱ्या शहरातल्या प्रतीत गेला असता.

याच्या उलट परिस्थिती किती वाईट असते ते २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या एका प्रोसेसरचा एक कोअर १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेताना १५६ ऐवजी शून्य देत होता. कुठलीही एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. फाइलचा आकार शून्य आहे असे समजून प्रोग्राम ती फाइल लिहीतच नव्हता, आणि डेटा गहाळ होत होता. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही अशा चुकीची गणिते करणाऱ्या कोअरांबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. या पार्श्वभूमीवर फेटल एररकडे पाहिले तर ती पहारा जागा असल्याची खूण ठरते. म्हणून ‘काय बिघडले?’ याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा: मशीनने नेमके काय पाहिले, की पुढे जायला नकार दिला?

२. ज्याचे नाव येते तो बहुधा बळी असतो

हा माझ्या मुद्द्याचा गाभा आहे, म्हणून इथे एक उदाहरण पायरीपायरीने पाहू.

प्रोसेसरचा एक कोअर पीसीआयई स्लॉटमध्ये बसवलेल्या नेटवर्क कार्डाचे एक रजिस्टर वाचू पाहतो. वाचनाची विनंती निघते. कार्ड काही कारणाने अडकलेले असते, उत्तर देत नाही. उत्तर आल्याशिवाय कोअरला ती सूचना पूर्ण करता येत नाही आणि तिच्या मागच्या सूचनाही खोळंबतात. कोअरमध्ये एक टायमर असतो. दीर्घकाळ एकही सूचना पूर्ण झाली नाही की तो संपतो आणि कोअर मशीन चेक उठवतो. बँकेत कोड पडतो सोळामान पद्धतीने ०४००, म्हणजे ‘अंतर्गत टायमर एरर’. या क्षेत्रातले लोक त्याला ‘थ्री स्ट्राइक’ म्हणतात. आता लॉगमध्ये काय दिसते? प्रोसेसर क्रमांक अमुक, कोअर क्रमांक तमुक, अंतर्गत एरर. ‘अंतर्गत’ हा शब्द वाचून कोणीही प्रोसेसरच बदलणार. महागडा आणि पूर्ण निर्दोष प्रोसेसर काढून परत पाठवला जातो, आणि अडकणारे कार्ड आपल्या जागी राहते. रेल्वेच्या डब्यात साखळी ज्याने ओढली त्याच्यामुळे गाडी थांबते हे खरे. पण आग दुसऱ्या डब्यात लागलेली असू शकते.

दुसरे उदाहरण मेमरीचे. मेमरी कंट्रोलरला दुरुस्त न होणारी चूक सापडली तर आधुनिक सर्व्हर तत्काळ थांबत नाही. तो त्या डेटावर ‘विषारी’ असा शिक्का मारून पुढे सोडतो. कोणी तो डेटा वापरलाच नाही, तर कोणाचे नुकसान होत नाही. लिनक्समध्ये मेमरीची अशी विषारी पाने बाजूला काढण्याची सोय २००९ पासून आहे. ही युक्ती चांगलीच आहे, तिच्यामुळे अनेक मशीन वाचतात. पण निदानाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो: चूक जिथे जन्मली आणि जिथे ती प्राणघातक ठरली, या दोन जागांत आता स्थळाचे आणि काळाचे अंतर पडले. विषारी डेटा कुठल्या तरी कोअरने बऱ्याच वेळाने उचलला आणि तिथे मशीन चेक झाला. बँक सांगते, चूक कोअरच्या डेटा कॅशेत. मूळ मात्र दूरच्या डिममध्ये, म्हणजे मेमरीच्या पट्टीत असते, किंवा विषारी पॅकेट पाठवणाऱ्या एखाद्या उपकरणात.

ही अपवादाची उदाहरणे नाहीत. प्रोसेसर, मेमरी, पीसीआयई आणि त्यांना जोडणारे दुवे सतत एकमेकांची वाट पाहत असतात. अशा व्यवस्थेत एकाचे मौन दुसऱ्याची एरर बनते.

३. क्रम हाच पुरावा

मग खऱ्या कारणापर्यंत पोचायचे कसे? माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. एक मूळ चूक क्षणार्धात अनेक ठिकाणी पसरते. लिंक तुटते, विनंत्यांची मुदत संपते, रांगा तुंबतात, कोअर थांबतात. शेवटी रजिस्टर वाचायला बसलो तर डझनावारी बिट्स पेटलेल्या, म्हणजे १ झालेल्या, दिसतात आणि त्यातल्या बहुतेक परिणामांच्या असतात. पहिले कोण पेटले हे कळले तर पुढची चौकशी जवळजवळ आपोआप सुटते.

हार्डवेअर आखणाऱ्यांना हे फार पूर्वी उमगले आहे. इंटेलच्या बँकांमध्ये एकदा दुरुस्त न होणारी चूक नोंदली गेली की नंतर येणारी तशीच चूक तिला पुसत नाही. फक्त ‘आणखी काही येऊन गेले’ एवढी खूण होते. पीसीआयईच्या प्रगत एरर-नोंदणीत पहिली चूक कोणती ते दाखवणारा निर्देशक असतो, ज्या पॅकेटमुळे ती झाली त्याचा मथळा जपून ठेवण्याची जागा असते, आणि रूट पोर्टकडे पहिली तक्रार कोणत्या उपकरणाने केली याची नोंद असते. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरांमध्ये तर चुका पकडणाऱ्या रजिस्टरांना जोडून आणखी एक रजिस्टर ठेवलेले असते, ज्याचे एकमेव काम म्हणजे सगळ्यात आधी कोण पेटले ते गोठवून ठेवणे.

आयबीएमची परंपरा इथे थोडी अधिक पाहण्यासारखी आहे. पहिल्याच बिघाडात पुरेसा पुरावा हाती आला पाहिजे, बिघाड पुन्हा घडवून पाहण्याची वेळ येता कामा नये, असे तत्त्व तिथे मेनफ्रेमच्या काळापासून रुजले. पॉवर सर्व्हरमध्ये ‘चेकस्टॉप’ झाला, म्हणजे चिपने घड्याळे थांबवून स्वतःला गोठवले, की सर्व्हिस प्रोसेसर किंवा बीएमसी (बोर्डवरचा स्वतंत्र देखरेख-नियंत्रक) वरच्या रजिस्टरापासून एकेक फांदी उतरत सगळ्या एरर-बिट्सपर्यंत जातो. दुय्यम समजल्या जाणाऱ्या बिट्स गाळतो, मूळ कारण ठरण्याजोगी बिट निवडतो, आणि तिच्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या नियमानुसार बदलण्याजोग्या भागांची यादी प्राधान्यक्रमासह देतो. हे विश्लेषण करणारा प्रोग्राम आज ओपनबीएमसी प्रकल्पात उघड्या स्रोताच्या रूपात कोणालाही वाचता येतो. वाचल्यावर कळते की त्यातले खरे ज्ञान प्रोग्रामच्या चतुराईत नाही. चिप आखणाऱ्याने प्रत्येक बिटबद्दल ‘ही पेटली तर ते कशाचे लक्षण, आणि कोणत्या दुसऱ्या बिटसमोर ती गौण’ हे लिहून दिले, त्यात ते आहे. म्हणजे निदान हे चिपच्या आराखड्याचाच भाग झाले.

४. पुरावा कसा मरतो

हार्डवेअरने एवढे जपून ठेवलेले असूनही प्रत्यक्षात हाती काही लागत नाही, याची कारणे बहुतांशी फर्मवेअरच्या आणि आपल्या सवयींत आहेत.

पहिले कारण घाई. मशीन चेकची रजिस्टरे साध्या रिसेटमध्ये टिकतात, पण वीज काढली की जातात. मशीन अडकले म्हणून घाबरून पॉवर सायकल करणारा माणूस घटनास्थळ धुऊन काढतो. माणसाला तरी दोष कसा द्यावा? अनेक सर्व्हरांत फर्मवेअरच फेटल एररची खूण दिसताच रिसेट मारते, आणि बीएमसी एकतारी पेसी वाहिनीवरून प्रोसेसरची रजिस्टरे सावकाश वाचत असताना मध्येच सगळे संपते. वाचन पूर्ण होईपर्यंत रिसेट रोखून धरायचा, एवढी साधी शिस्त अनेकदा पाळलेली नसते.

दुसरे कारण आकुंचन. १९९८ मध्ये आलेल्या, सर्व्हरच्या देखरेखीसाठीच्या आयपीएमआय मानकातली एक नोंद १६ बाइटची असते आणि त्यात घटनेच्या तपशिलासाठी ३ बाइट मिळतात. त्या काळच्या मर्यादांना ते शोभून दिसत होते. आजच्या प्रोसेसरच्या चुकीचा इतिहास ३ बाइटांत कोंबला की उरते ते ‘प्रोसेसर १, अंतर्गत एरर’ असे वाक्य, आणि त्यावरून हजारो रुपयांचे, कधी लाखांचे भाग हलतात. युईएफआय या फर्मवेअर-मानकाने एररची सविस्तर नोंद कशी असावी हे ठरवून दिले आहे. आधीच्या बूटमध्ये झालेली फेटल एरर पुढच्या बूटमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करण्यासाठी, या दोघांमधल्या एसीपीआय मानकात स्वतंत्र तक्ताही आहे. तो भरला जातो का, हे खरेदी करताना विचारणारे फार थोडे.

तिसरे कारण भोळे वाचन. पीसीआयई लिंक तुटल्यावर पलीकडच्या उपकरणाचे रजिस्टर वाचले तर सगळ्या बिट्स १ येतात. त्याचा खरा अर्थ ‘तिथे कोणी नाही’ असा. हे न तपासणारे फर्मवेअर ‘या उपकरणात शक्य त्या सगळ्या चुका झाल्या’ असे लिहून मोकळे होते. ही नोंद रिकाम्या लॉगपेक्षा वाईट, कारण ती आत्मविश्वासाने दिशाभूल करते.

५. नकाशा फर्मवेअरकडेच असतो

निदानाचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवावे, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. लिनक्समध्ये एरर गोळा करणारी चांगली साधने आहेत, ती उघडी आहेत, सुधारता येतात. दुरुस्त होणाऱ्या चुकांची मोजदाद त्यांनीच करावी, हे मलाही मान्य. पण फेटल एररच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम ज्या प्रोसेसरवर उभी आहे तोच अविश्वासू ठरलेला असतो. अनेकदा तिला एकही सूचना चालवता येत नाही. बीएमसी स्वतंत्र प्रोसेसरवर, राखीव विजेवर चालतो. जिवंत साक्षीदार तोच असतो.

शिवाय नकाशाचा प्रश्न आहे. मेमरीत चूक झाली तेव्हा हाती येतो तो एक पत्ता. आधुनिक सर्व्हरमध्ये लागोपाठचे पत्ते वेगवेगळ्या चॅनलांवर विखुरलेले असतात. त्या पत्त्यावरून सॉकेट, चॅनल, डिम आणि चिपपर्यंत जायचे तर मेमरीची मांडणी कशी केली ते ठाऊक हवे, आणि ती मांडणी बूटच्या वेळी फर्मवेअरनेच केलेली असते. तसेच कोणता पीसीआयई पोर्ट कोणत्या रायझरमधून कोणत्या स्लॉटला जातो आणि त्या स्लॉटवर कोणता क्रमांक छापला आहे, हे चिप बनवणाऱ्याला माहीत नसते, लिनक्सलाही नसते. ते बोर्ड आखणाऱ्याला माहीत असते, आणि त्याने फर्मवेअरमध्ये लिहिले तरच जगाला कळते.

६. आक्षेप आणि उत्तरे

‘भाग बदलणे स्वस्त पडते, कारण शोधणे महाग.’ हा सर्वांत जोरदार आक्षेप आहे, आणि एकेका मशीनपुरते पाहिले तर हिशेब खराही वाटतो. पण भाग बदलल्यावर मशीन चालू झाले, यातून तो भाग दोषी होता हे सिद्ध होत नाही. बदलताना डिम सॉकेटमधून निघाला आणि पुन्हा नीट बसला, धूळ झटकली गेली, वीज जाऊन आली, अडकलेले कार्ड रिसेट झाले. यातल्या कशानेही मशीन सुरू झाले असेल. प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन मेमरीची एरर म्हणून दिसू शकते. आणि काही वेळा दोषी भाग नसतोच. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवून दिले की मेमरीतल्या बिट्स अधूनमधून उलटत होत्या त्या चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे. तोच मेमरी भाग पुन्हा तपासला तर निर्दोष निघणार. २००० च्या सुमारास सन या कंपनीच्या अल्ट्रास्पार्क-२ सर्व्हरांमध्ये बाह्य कॅशेला फक्त पॅरिटीचे संरक्षण होते. चूक कळे, पण दुरुस्त होत नसे, आणि मशीन पडत. मॉड्यूल बदलले तरी नवे मॉड्यूल त्याच उणिवेसह येई. उणीव आराखड्यात होती. निदान झाले नसते तर बदलाबदली अखंड चालू राहिली असती.

मोठ्या कंपन्या मशीनच्या मशीन बाजूला काढतात, असेही सांगितले जाते. काढतात, पण त्याच कंपन्या कारणेही खणून काढतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गूगलच्या ताफ्यातल्या सुमारे एक तृतीयांश मशीनना आणि ८ टक्क्यांहून अधिक डिमना वर्षातून किमान एकदा दुरुस्त होणारी चूक आल्याचे दिसले. या चुकांत क्षणिक चुकांपेक्षा कायमच्या दोषांचा वाटा मोठा असल्याचे त्या अभ्यासाने दाखवले, आणि तोवरची समजूत नेमकी याच्या उलट होती. नीट ठेवलेल्या नोंदी नसत्या तर ती समजूत आजही टिकून असती.

‘फर्मवेअर वाढवले की नवे दोष आणि नवी भोके वाढतात.’ हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. एरर हाताळण्यासाठी फर्मवेअर प्रोसेसरला स्वतःच्या गुप्त अवस्थेत खेचते तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमचे सगळे काम तेवढा वेळ थांबते, आणि हे वारंवार झाले तर त्रासदायक असते. बीएमसीतल्या सुरक्षा-त्रुटीही गंभीर असू शकतात. २०१९ मध्ये अनेक सर्व्हरांतल्या बीएमसी चिपमध्ये अशी एक सापडली होती. यावर उपाय म्हणजे फर्मवेअर उघडे असणे आणि ते मुद्दाम चुका घालून तपासलेले असणे. एसीपीआयमध्ये चूक घालून पाहण्यासाठी तक्ता आहेच. ज्या मार्गाने कधीच चूक सोडून पाहिली नाही, तो मार्ग खऱ्या संकटात चालेल असे मानायला काहीही आधार नाही.

‘पुढे यंत्र-शिक्षणाने हे सगळे आपोआप कळेल.’ अशा मॉडेलला शिकवायला जुन्या घटना आणि त्यांची खरी कारणे लागतात. आज घटनेसमोर कारण म्हणून नोंदले जाते ते बदललेल्या भागाचे नाव. त्यावर शिकलेले मॉडेल तीच चूक अधिक वेगाने करील.

७. आपल्यापुरते

हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर देशातच आखला, आणि त्यावर आधारलेले ‘परम रुद्र’ महासंगणक २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे कार्यान्वित झाले. पुण्यातला महासंगणक जीएमआरटी दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. बोर्ड आपला म्हणजे नकाशा आपला, आणि नकाशा आपला म्हणजे निदानाची जबाबदारीही आपली. हे फर्मवेअर लिहिणे दिखाऊ काम नाही. सगळे सुरळीत असताना ते कोणाला दिसत नाही, म्हणून वेळापत्रक ताणले की सर्वांत आधी त्यालाच कात्री लागते. तशी ती लागू देऊ नये, असे मला या कामातल्या तरुण अभियंत्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना कळकळीने सांगायचे आहे.

बँका, विद्यापीठे, रुग्णालये, सरकारी खाती यांच्यासाठी सर्व्हर घेणाऱ्यांचे वजनही इथे कामी येईल. निविदेत कोअर किती, मेमरी किती, वॉरंटी किती वर्षे हे जिथे लिहिता, त्याच कागदावर आणखी चार अटी लिहा. फेटल एररनंतर रिसेट होण्यापूर्वी बीएमसीने पूर्ण क्रॅश डम्प घेतलाच पाहिजे. तो डम्प वाचण्याचे साधन ग्राहकाला मिळाले पाहिजे. विक्रेत्याने आमच्यासमोर मेमरीत आणि पीसीआयईवर चूक घालून दाखवावी, आणि फर्मवेअरने बरोबर स्लॉटचे नाव घेतले तरच माल स्वीकारला जाईल. आणि वॉरंटीत भाग बदलला तर त्यासोबत कारणाचा लेखी अहवाल द्यावा लागेल, फक्त भागाचा क्रमांक चालणार नाही.